ईएमडीआर की प्रोलाँग्ड एक्स्पोजर? आघातावरील उपचार निवडताना

अपघात, हल्ला किंवा अत्याचार होऊन महिने उलटले तरी तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला आणि निदान पीटीएसडीचे (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचे) झाले, की ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आठवणींवर केला जाणारा उपचार) आणि प्रोलाँग्ड एक्स्पोजर या दोन मानसोपचारांपैकी कोणता घ्यावा, असा प्रश्न पडतो. आठवणीला सामोरे जाणे दोन्हींत अटळ आहे. फरक पडतो तो किती बोलावे लागते आणि घरी काय करावे लागते, यात.

एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये घडलेला प्रसंग वर्तमानकाळात, बारकाव्यांसह, पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचे, हा गृहपाठही उपचाराचाच भाग असतो. सत्रे साधारण ८ ते १५.

फ्रान्सिन शॅपिरो यांनी १९८९ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केलेल्या ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत, आणि डोळे हलवण्याची पाळी पूर्वेतिहास व मनाची तयारी झाल्यावरच येते. प्रसंगाचे सर्वांत बोचणारे चित्र, त्याला चिकटलेली 'चूक माझीच' यासारखी समजूत आणि शरीरातील संवेदना मनात धरून रुग्ण थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा मागोवा घेतो. मधल्या विरामात जे सुचले तेवढेच सांगतो. सविस्तर कथन नाही, गृहपाठही जवळजवळ नाही. (मोबाइलवरील सरकता ठिपका एकट्याने पाहत बसणे म्हणजे ईएमडीआर नव्हे.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ईएमडीआर आणि आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) या दोन्हींची शिफारस केली. प्रोलाँग्ड एक्स्पोजर सीबीटीच्याच कुळातले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मात्र २०१७ मध्ये प्रोलाँग्ड एक्स्पोजरला ठाम आणि ईएमडीआरला सशर्त शिफारस दिली. डोळ्यांच्या हालचालींनी वेगळा लाभ होतो का, यावरही मतभेद आहेत: २००१ च्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात तो आढळला नाही, २०१३ च्या दुसऱ्यात आढळला. मनात चित्र धरून डोळेही हलवताना कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे त्या क्षणापुरती माहिती मनात धरणाऱ्या स्मृतीवर, ताण येतो आणि चित्राची धार कमी होते, हे स्पष्टीकरण मला त्यातल्या त्यात पटण्याजोगे वाटते.

अपघातानंतर गाडी चालवणेच सुटले असेल, तर माझा कल प्रोलाँग्ड एक्स्पोजरकडे राहील, कारण त्यात रस्त्यावर परतण्याचा सराव आखलेलाच असतो. लाजेमुळे प्रसंग शब्दांत मांडणेच अशक्य होत असेल, तर ईएमडीआर अधिक सोसण्याजोगे ठरू शकते. आत्महत्येचे विचार येत असतील किंवा भान हरपत असेल, तर दोन्ही थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.