युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स: यूट्यूब वाहिनी आणि ऑस्ट्रियाचे सहा विजय

व्हायोलिन शिकणारे मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना मी 'युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स' या युरोपीय देशांमधल्या तरुण वादकांच्या स्पर्धेची यूट्यूब वाहिनी आवर्जून सुचवेन. ही स्पर्धा १९८२ साली मँचेस्टरला सुरू झाली. तिच्या अंतिम फेरीत कोवळ्या वयाच्या वादकाला मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने एकट्याने उभे राहावे लागते, आणि ते पाहायला एक पैसाही पडत नाही.

मला ओढ लागली ती ऑस्ट्रियाच्या कामगिरीची. या देशाने १९८८, १९९८, २००२, २००४, २०१४ आणि २०२४ अशी सहा वेळा स्पर्धा जिंकली, आणि सहाही वेळा जिंकणारे वाद्य व्हायोलिनच होते. त्याखालोखाल असलेल्या पोलंडचे तीन विजय मात्र व्हायोलिन, पियानो आणि सॅक्सोफोन अशा तीन वाद्यांवरचे आहेत. ऑस्ट्रियाच्या विजेत्यांपैकी ज्युलियन राखलिन जन्माने लिथुआनियातल्या व्हिल्नियसचा, लिडिया बाइच सेंट पीटर्सबर्गची, दालिबोर कार्वाय स्लोवाकियाचा, अलेक्झांड्रा सूम मॉस्कोची, तर झियू हे चीनमधून साल्झबर्गला शिकायला आलेला. यांपैकी पहिल्या चौघांना तालीम मिळाली ती बोरिस कुश्नीर या एकाच गुरूंची, आणि तेही मूळचे कीवचे. त्यामुळे हे यश मला देशापेक्षा तालमीचे अधिक वाटते. अर्थात, बाहेरून आलेल्या मुलांना आपली मानून पुढे करणाऱ्या ऑस्ट्रियाचा मोठेपणा त्याने उणावत नाही.

चित्रण शिकणाऱ्याच्या कामाचे आहे. कॅमेरा जवळ जातो तेव्हा गजावर टेकलेली करंगळी आणि तारेवर आंदोलन घेणारे डाव्या हाताचे बोट दिसते, जे सभागृहातल्या मागच्या रांगेतून कधीच दिसले नसते. ध्वनी मात्र स्थळागणिक बदलतो: २०१४ साली झियू हे जिंकला तो कोलोनच्या कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या चौकात, तर २०१८ ची फेरी एडिनबर्गच्या अशर हॉलमध्ये झाली. बंदिस्त सभागृहात सुरांना मिळणारी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, चौकात मिळत नाही, म्हणून हेडफोन लावूनच ऐकावे.

माझी खरी तक्रार वेळेच्या बंधनाविषयी आहे. २०१८ च्या विजेत्या इव्हान बेसोनोवने चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, फक्त तिसरा भाग वाजवला. तो थरारक आहेच, पण आधीचा संथ भाग ऐकल्यावाचून त्या वेगाची किंमत पुरती कळत नाही. मुलांना दाखवताना ती संपूर्ण रचना आधी ऐकवावी.