उत्तराखंडमधल्या पौडीकडचा होमस्टे: तिबारीची खोलीच मागा

बुकिंग करताना वरच्या मजल्यावरची, तिबारीची, म्हणजे कोरीव खांबांच्या ओसरीची खोलीच मागून घ्या. खालच्या दोन खोल्या म्हणजे पूर्वीचा ओबरा, गुरं आणि धान्य ठेवायची जागा. छत बुटकं, खिडकी हातभर, आणि दुरुस्ती करताना कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारून ठेवलाय. दगडमातीच्या भिंतीला सिमेंट फासलं की आतली ओल आतच राहते. पोपडे सुटायला लागलेच आहेत. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात झाली, त्यामुळे डोळा आधी तिथेच जातो.

वर मात्र मालकाने काही बिघडवलेलं नाही. कोरीव लाकडी खांब, त्यांच्यामागे बसायला ऐसपैस जागा, सारवलेली जमीन आणि डोक्यावर पठाल, म्हणजे दगडी पाट्यांचं छप्पर. या पाट्या बसवणारा मिस्त्री आता सहज मिळत नाही, म्हणून शेजारच्या घरांवर पत्रे आलेत. इथे पठाल टिकवलंय, त्याचे पूर्ण गुण. ढग नसले तर अंथरुणातून चौखंबा हे हिमशिखर दिसतं.

रेल्वे कोटद्वारपर्यंत. तिथून सतपुलीमार्गे घाटरस्ता आणि शेवटी उभ्या चढाची पायवाट. सामान खेचरावर जातं, आपण नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करून जा.

स्वयंपाक बौजी, म्हणजे वहिनी, करतात. मालकाच्या चुलतभावाची बायको, पण पाहुणेही त्यांना बौजीच म्हणतात. मंडुव्याची, म्हणजे नाचणीची रोटी, गहताचं फाणू, जख्याच्या, म्हणजे मोहरीसारख्या पहाडी बियांच्या फोडणीचे बटाटे, शेवटी झंगोऱ्याची, म्हणजे वरईसारख्या भरडधान्याची खीर. गहत म्हणजे आपले कुळीथच, पण भिजवून, वाटून केलेलं फाणू आपल्या पिठल्यापेक्षा दाट आणि खमंग लागतं. हिने दोनदा मागून घेतलं. कंडाळीची भाजी मिळाली तर सोडू नका. हाताला डसणारं ते पान शिजल्यावर पालकापेक्षा चवदार लागतं. पहिल्या रात्री मात्र पनीर आणि मैद्याच्या रोट्या पुढे आल्या. पाहुण्यांना तेच आवडतं असा समज आहे. आल्याआल्या सांगा, पहाडी जेवण हवं.

मंडुवा बौजींच्याच शेतातला. डोंगरउतारावरच्या शेताच्या पडीक राहिलेल्या चार पायऱ्या त्यांनी पुन्हा नांगराखाली आणल्या, कारण आता घरातच गिऱ्हाईक आहे. रानडुकरं आणि माकडं निम्मं नेतात, ही तक्रार रोज ऐकू येते.

धूर निघतो अशी घरं गावात सहा-सात. बाकीच्यांची छपरं आत कोसळून तिथे कंडाळी माजलीय. २०११च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली निघाली. २०१७ साली राज्याने पलायन आयोग, म्हणजे गावं सोडून जाण्याचा अभ्यास करणारा आयोग, नेमला, त्याचं मुख्यालयही पौडीतच. २०११नंतर ७३४ गावं निर्मनुष्य झाल्याचं त्याच्या २०१८च्या अहवालात आहे. जाण्याची कारणं: निम्म्यांच्या बाबतीत रोजगार, सुमारे १५ टक्क्यांच्या बाबतीत शिक्षण.

शेजारचं घर तर याहून देखणं असावं, खांबांवरचं कोरीवकाम अजून ओळखू येतं. ते का दुरुस्त करत नाही, असं मालकाला विचारलं. म्हणाला, गोल खातं आहे. म्हणजे जमीन सगळ्या भाऊबंदांच्या सामाईक नावावर, भाऊबंद दिल्ली-देहरादूनला विखुरलेले, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विटेला हात लावता येत नाही. स्वतःच्या घरासाठी त्याला काकांच्या दारात खेटे घालावे लागले. होमस्टेला सरकारी अनुदान आहे, पण कागद एका नावावर नसला की अर्जच पुढे सरकत नाही.

मालक दिल्लीत हॉटेलात कामाला होता, २०२०च्या टाळेबंदीत परतला आणि इथेच राहिला. बायको-मुलं मात्र कोटद्वारला भाड्याच्या खोलीत, शाळेसाठी. गावची प्राथमिक शाळा बंद आहे, तिच्या व्हरांड्यात आता सरपण रचलेलं असतं. तेव्हा ‘ओसाड गाव पुन्हा वसलं’ ही जाहिरातीतली ओळ मी मान्य करत नाही. एक घर वसलं, एका बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला, चार पायऱ्या हिरव्या झाल्या. तेवढंच लिहिलं असतं तरी मी गेलो असतो.

बाकी किरकोळ. गरम पाणी बादलीने मिळतं, मोबाइलला रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात. बाथरूम स्वच्छ, पण बाहेर. अंधार पडल्यावर गुलदारच्या, म्हणजे बिबट्याच्या भीतीने कुणी एकटं निघत नाही, तुम्हीही निघू नका.

पाचपैकी चार. एक कापला तो गिलाव्यासाठी आणि जाहिरातीसाठी.

बर्फाची शिखरं हवी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, बुरांसची लाल फुलं हवी असतील तर मार्च. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा नको. जूनमध्ये देवाच्या पूजेला बाहेरगावचे भाऊबंद येतात आणि सगळ्या खोल्या त्यांना लागतात. त्या आठवड्यात कितीही पैसे देऊ केलेत तरी बुकिंग मिळत नाही.