पाण्यात 'रेडिएशन' आहे सांगून आमचे २८ हजार नेले

आम्ही नागपूरच्या बाहेरच्या भागात राहतो, पाणी बोअरचं. मार्चमध्ये गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन मुलं आली, 'पाण्याची मोफत तपासणी' म्हणून. बाबांच्या किडनीवर उपचार चालू आहेत, हे आई बोलता बोलता बोलून गेली आणि त्यांनी तोच धागा पकडला. मोबाईलवर पंजाबच्या भूजलातल्या युरेनियमच्या बातम्या दाखवल्या. त्या बातम्या खऱ्या आहेत, म्हणूनच आम्ही घाबरलो.

पेला ओट्यावर ठेवून त्याला गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) लावला, तर टिकटिक वाढली. मग दोन लोखंडी कांड्यांचं यंत्र पाण्यात सोडलं. दोन मिनिटांत पाणी गंजासारखं तांबूस, वर फेस, खाली हिरवट गाळ. त्यांच्या फिल्टरचं पाणी मात्र नितळ राहिलं. "काकू, हे तुम्ही काकांना रोज पाजताय," असं त्यातला एक म्हणाला आणि आई रडायला लागली. मी तिथल्या तिथे पैसे पाठवले. त्या वाक्याचा राग अजून जात नाही.

शेजारचे काका फिजिक्स शिकवायचे. त्यांनी आधी ओट्यावर हात ठेवला. ग्रॅनाइटमध्ये मुळातच थोडं युरेनियम, थोरियम असतं; पेला नसता तरी काउंटर वाजला असता. युरेनियममधून किरणोत्सर्ग म्हणून निघणारे अल्फा कण पाण्याच्या पातळ थरातच अडतात, पेल्याबाहेर येतच नाहीत. खऱ्या तपासणीत पाणी आटवून उरलेला थर कित्येक तास मोजतात, किंवा युरेनियमचं प्रमाण थेट काढतात. दारात पाच मिनिटांत यातलं काहीच होत नाही.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये नमुना दिला. मान्यतेत युरेनियम आहे ना, हे आधी विचारा, सगळीकडे नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, आमच्याकडे ४ आले. शंका असेल तर तपासून घ्याच, कारण युरेनियम जास्त असेल तर किरणांपेक्षा त्याच्या रासायनिक परिणामाने किडनीला इजा होते, आणि पाणी उकळून ते जात नाही. आरओने बरंचसं निघतं. आम्हाला विकलेला फिल्टरही साधा आरओच होता, दुप्पट-तिप्पट भावाचा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. पैसे अजून आले नाहीत.

एका रात्री त्याच फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, दोन खिळे सोडले आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. थोड्या वेळात ते पाणीही तसंच तांबूस झालं. मिठाने (बोअरच्या पाण्यात मुळातल्या क्षारांनी) वीज वाहते, खिळ्याचं लोखंड विरघळतं आणि पाण्यात गंज उतरतो. पेला आईला नेऊन दाखवला, तेव्हा कुठे तिने बाबांना बोअरचं पाणी दिलं.