माहीमचा बुधवारचा नोव्हेना – टेन्शनमधे असाल तर नक्की जा

बाबांचं बायपास ठरलं तेव्हा घरात कुणाला झोप नव्हती, मावशी म्हणाली चल माहीमला, म्हणून सेंट मायकल चर्चला जायला लागले आणि आता बुधवार चुकवत नाही. इथे 1948 पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेचा, म्हणजे येशूची आई मारिया हिचा नोव्हेना (नऊ वेळा करायची खास प्रार्थना) होतो, दिवसभर चालूच असतो, इंग्लिश, कोंकणी, हिंदी, मराठी वगैरे भाषांत, म्हणजे आईसारख्या फक्त मराठीत प्रार्थना करणाऱ्यांनाही सगळं समजतं. लागोपाठ नऊ बुधवार करायची पद्धत आहे. हिंदू, मुस्लिम सगळेच येतात, कोणी विचारत नाही तुम्ही कोण.

मला सगळ्यात जास्त आधार वाटतो तो लोकांच्या चिठ्ठ्यांचा. कुणाला नोकरी लागली, कुणाला मूल झालं, ते आभार मानून लिहितात आणि त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवतात. ऐकताना पटतं की देव ऐकतोय, फक्त त्याची वेळ आपल्या हातात नाही. बायबलमधे पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय ना, सगळी चिंता देवावर टाका, ते तिथे बसून खरंच जमतं.

बाहेर मेणाचे हात, पाय, हृदय, घरं मिळतात, आम्ही हृदय वाहिलं. पण डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा हं, श्रद्धा म्हणजे औषध बंद करणं नव्हे.

माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं. संध्याकाळी तुफान गर्दी असते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर सकाळीच जा. माझ्याकडून पाच स्टार.