सेकंडहँड गिटार ऑनलाइन घेताय? माझे १७,५४९ रुपये गेले, आधी हे वाचा

आधी आकडे सांगून टाकतो. टोकन २,०००, पॅकिंग-कुरिअर १,८५०, उरलेली रक्कम १०,५०० आणि शेवटी "जीएसटी होल्ड आहे दादा, डिलिव्हरी झाली की परत येतात" म्हणून ३,१९९. एकूण १७,५४९. त्यात थोडी भर घातली असती तर दुकानातून बिल-वॉरंटीसकट कोरी गिटार आली असती, हे बायकोने सांगून झालंय, तुम्ही परत सांगू नका.

आणि ते खोटे आर्मीवाले, बदली झाली म्हणून सामान विकतोय, कॅन्टीन कार्डाचा फोटो, हे सगळं मला पाठ आहे. असे दोघं-तिघं मी स्वतः ब्लॉक केलेत. हा तसला नव्हता. पुण्यातला इंजिनिअरिंगचा पोरगा, स्वच्छ मराठी, बाहेर शिकायला जातोय म्हणून गिटार काढतोय म्हणे. किंमतही फुकटात नाही सांगितली, यामाहाच्या एफएस८०० गिटारचे १२,५००. नवीन वीस हजाराच्या घरात होती, तेव्हा भाव बरोबरच वाटला. तीन हजारात देतो म्हणाला असता तर मीच हसलो असतो.

माझा स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली, भिंतीला गाद्या लावलेल्या. साडी सेंटर, क्लासेस, निवडणूक आली की उमेदवार, यांच्या जिंगल्स करतो. जवळ यामाहाचीच जुनी एफ३१० आहे, ती शिकायला उत्तम पण टॉप (वरची फळी) लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवलेला प्लाय, माइकसमोर नेली की डबा वाजवल्यासारखी येते. म्हणून सॉलिड, म्हणजे अख्ख्या लाकडाचा टॉप हवा होता आणि ड्रेडनॉट (मोठ्या बॉडीची गिटार) नको होती, कारण छोट्या खोलीत कंडेन्सर माइक लावला की तिचा खालचा बेस घुमतो, माइक भोकासमोरून काढून बाराव्या फ्रेटकडे (गळ्यावरच्या पट्टीकडे) वळवला तरी मिक्समध्ये कापत बसावं लागतं. लहान बॉडी, वर सॉलिड स्प्रूसचं लाकूड, या बजेटमध्ये एफएस८०० सारखी दुसरी मला तरी दिसत नव्हती.

आता लोक म्हणतात नीट बघितलं नसशील. अहो सगळं बघितलं! साउंड होलच्या (मधल्या भोकाच्या) कडेचा जवळून फोटो मागवला, वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून आत उतरताना दिसतात का बघितल्या (सॉलिड असेल तर उतरतात, प्लाय असेल तर थर दिसतात किंवा कड काळी रंगवलेली असते), आतलं लेबल बघितलं, ब्रिजमागे (तारा अडकवतात त्या पट्टीमागे) टॉप फुगलाय का ते बघितलं. सगळं ओके. कारण फोटो खऱ्याच गिटारचे होते, फक्त ती गिटार त्याची नव्हती.

आणि मग ती क्लिप. हे लिहिताना अजून कान गरम होतात. मी म्हटलं वाजवून पाठव, तर म्हणाला मोबाइलवरच रेकॉर्ड केलंय दादा, क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून पाठवतो. मला वाटलं वा, पोराला कळतंय. हेडफोन लावून ऐकली. जी कॉर्ड, साधं स्ट्रमिंग, सुंदर आवाज, डावीकडून एक गिटार आणि उजवीकडून दुसरी, स्ट्रोक किंचित पुढेमागे. डबल ट्रॅक! रोज मी स्वतः हेच करतो, एकच पार्ट दोनदा वाजवून एक टेक डावीकडे एक उजवीकडे. एक पोरगा, एक गिटार, एक मोबाइल आणि माझ्या कानात दोन गिटारी वाजतायत, आणि मी काय ऐकतोय, तर लो ई (सगळ्यात जाड तार) घुमतोय का आणि वरच्या फ्रेटला सूर चढतोय का. कुणाच्या तरी डेमोचा तुकडा कापून पाठवला होता त्याने. एखाद्या नवख्याला नसतं कळलं तर समजू शकतो. पण मला कळायला हवं होतं. घाई नडली, शुक्रवारी जिंगल द्यायची होती, क्लायंट डोक्यावर बसलेला, एका गिटारसाठी पुण्याला जाऊन दिवस कोण घालवणार.

पैसे पाठवताना यूपीआयवर वेगळंच नाव आलं, तर "काकांचं अकाउंट आहे". पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते जाहिरातीतल्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा, काका-मामा काही ऐकू नका. कुरिअरची पावतीही आली, नंबर टाकला तर साइटवर काहीच नाही, म्हणाला उद्या अपडेट होईल. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, गिटार आलीच नाही.

आता खरी गंमत. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले सायबरला जा. सायबरला गेलो तर रक्कम छोटी आहे, स्टेशनलाच द्या. परत स्टेशन, तर आरोपी पुण्याचा, हद्द आपली नाही. पुण्याचा असल्याचं त्यानेच मला सांगितलेलं, तेवढ्यावर यांनी हद्द ठरवली! १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) लागू आहे, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, "एवढा कायदा येतो तर पैसे कशाला पाठवले?" वर एकाने विचारलं, गिटार म्हणजे लग्नातल्या बँडवाल्यांची का. बँकेचं वेगळंच, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, आम्ही काही करू शकत नाही. अरे मग फसवणूक काय चोर पिन टाकून करतो का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तासाभरात करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत केला तरच उपयोग. मी चौकीच्या बाकावर बसून राहिलो आणि उशिरा केला, तोवर त्या खात्यात फक्त ६४० रुपये उरले होते, तेवढे होल्ड झाले.

विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. तुमच्यासमोर बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून) आणि मग तीच नोट दाबून वाजवायला लावा, ट्यूनर शेजारी ठेवून, दोन्ही सूर जुळले पाहिजेत. गिटारचा सूरही कळतो आणि गिटार त्याच्याकडे आहे का तेही. कॅमेरा खराब आहे म्हणाला तर फोन ठेवा. फोटो गुगलवर टाकून शोधा, मी नंतर शोधले, दुसऱ्याच राज्यातल्या जुन्या जाहिरातीत निघाले.

मामा मिरजेला, जिथे पिढ्यानपिढ्या वाद्यं बनतात, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी राहतो, तो तर फोनवर हसतच सुटला. जिंगल शेवटी मित्राची गिटार आणून केली. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार अजून "अंडर प्रोसेस". आणि ते ६४० रुपये सोडवायला म्हणे कोर्टाचा आदेश आणा, वकील फीच दोन हजार सांगतोय. कुणी वकिलाशिवाय स्वतः अर्ज करून असे पैसे सोडवले असतील तर काय काय कागद लागले ते सांगा, मी सोडणार नाहीये.