हाफ प्लेट निगेटिव्ह, जुना एन्लार्जर आणि डिजिटल कॅमेरा: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या हाफ प्लेट निगेटिव्ह मी घरीच कॅमेऱ्याने डिजिटल करतो. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. एवढी फिल्म एप्सन व्ही 850 स्कॅनरवर आरामात बसते, पण त्याची किंमत घरच्या कामाला परवडत नाही. व्ही 600 स्वस्त आहे, मात्र त्याची फिल्मची खिडकी जेमतेम पावणेतीन इंच रुंद.

ठाण्याच्या नौपाड्यातला आमचा फोटो स्टुडिओ बंद झाला तरी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, घरात होता. त्याचं डोकं (दिवा आणि लेन्सचा भाग) काढून खांबाला 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा खाली तोंड करून बसवला. जुनी मॅन्युअल मॅक्रो (जवळून फोटो काढायची) लेन्स, छिद्र एफ 8 वर. खाली एलईडी ट्रेसिंग पॅड आणि त्याच्या दोन इंच वर दुधी अॅक्रिलिक. हे अंतर ठेवाच, नाहीतर पॅडचे ठिपके फोटोत उतरतात. स्वस्त पॅड लुकलुकतो, पट्टे येतात. म्हणून शटर संथ ठेवतो. निगेटिव्हभोवती काळ्या कार्डशीटची चौकट हवीच.

कॅमेरा समांतर करायला निगेटिव्हच्या जागी आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की जुळलं. जास्त मेगापिक्सेलपेक्षा याचा फरक मोठा पडतो.

एका फ्रेममध्ये साधारण 840 डीपीआय (इंचाला ठिपके) मिळतात, म्हणजे 12 बाय 18 इंचांची प्रिंट सहज. त्याहून मोठी हवी असेल तर चार तुकड्यांत फोटो काढून ह्युगिन या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. निगेटिव्ह उलटून पॉझिटिव्ह करायचं काम डार्कटेबल या सॉफ्टवेअरच्या नेगाडॉक्टरमध्ये. दोन्ही फुकट.

सगळ्यात जपण्यासारखं म्हणजे वडिलांनी निगेटिव्हवर हाताने केलेलं रिटचिंग. निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरली की इमल्शनच्या (चित्र असलेल्या थराच्या) बाजूला, गालावर, डोळ्यांखाली पेन्सिलीचे बारीक बारीक फटकारे दिसतात. ओल्या कापडाने पुसलं तर ते कायमचे जातील, म्हणून फक्त ब्लोअर आणि मऊ ब्रश. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळ-सफाई चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालतच नाही, त्यामुळे त्या सोयीसाठी जादा पैसे घालू नका.

पावसाळ्यात फिल्म वळते. काचेखाली दाबली की न्यूटन रिंग्ज, म्हणजे गोल गोल रंगीत कडी, उमटतात. मी काच सोडून दोन कार्डशीटमध्ये कडा धरतो. ठाण्याच्या दमट हवेत खोक्यात सिलिका जेल हवंच, बुरशी इमल्शन खाते.

रंगीत शीट फिल्मवर मात्र मी अजून समाधानी नाही. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी मास्क (मूळचा नारिंगी रंग) काढल्यावर त्वचेचा रंग दर वेळी वेगळा येतो. रंगीतच जास्त असतील तर आधी चांगल्या सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) लाइट घ्या, मग बाकीचं.