फिल्म एका मशीनची दाखवली, मशीन दुसरंच पाठवलं

फरशीखाली काँक्रीट ओतण्याआधी जो काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो बनवायचं मशीन घेण्याच्या विचारात कोणी असेल तर पैसे सोडण्याआधी हे वाचावं. आमचे जीएसटी धरून 49 लाख 56 हजार रुपये अडकले आहेत आणि विकणारा आजही त्याच शेडमध्ये बसून नवीन गिऱ्हाइकांना कोटेशन देतोय. लिहायचं कारण तेच.

सांगलीत आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. 2019 च्या पुरानंतर नव्याने घर बांधणारे लोक जोत्यातून चढणाऱ्या ओलीबद्दल विचारू लागले. पुराचं पाणी हा कागद अडवत नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. जमिनीतली ओल मात्र तो अडवतो, पण जाडी खरी असेल आणि सांधे निदान 15 सेंटीमीटर एकावर एक घेऊन टेप लावली असेल तरच. आमच्याकडे 250 मायक्रॉन म्हणून येणारा माल मी तराजूवर घातला होता. एक मीटर लांब-रुंद तुकडा साधारण 230 ग्रॅम भरायला हवा, तो 160 च्या आसपास भरायचा. लोक आयुष्याची कमाई घरात घालतात आणि फरशीखाली हे जातं, याचा मला मनस्वी संताप येतो. आपणच चांगला, रुंद कागद बनवू, असं माझ्या दिरांनी तेव्हाच मनावर घेतलं. मशीन त्यांच्या नावावर, चालवणारही तेच.

विकणारा बोलायला गोड. "वहिनी, तुम्ही फक्त प्लास्टिकचा दाणा टाका, रोल बाहेर येईल." कोटेशनवर लिहिलं होतं: स्क्रू (माल वितळवत पुढे ढकलणारा दांडा) 65 मिमी व्यासाचा, उत्पादन ताशी 120 किलोपर्यंत, फिल्मची रुंदी 3000 मिमीपर्यंत, मशीन नवीन. ट्रायलला बोलावून त्याने चालू मशीन दाखवलं. वर दहा मीटर चढलेला प्लास्टिकचा फुगा, खाली तीन मीटर रुंदीचा रोल, कागद सगळीकडे सारखा. दिरांनी स्वतः मायक्रोमीटर लावून पाहिला. "हेच मशीन तुमचं, आता फक्त रंगाचा हात मारून पाठवतो," असं तो चार माणसांदेखत म्हणाला. डिस्पॅचच्या आधी पूर्ण रक्कम द्यायची अट होती, ती बँकेने थेट त्याच्या खात्यात भरली. बँकेने कागद तपासले. मशीन बघायला बँकेचं कोणी गेलं नाही, हे कर्ज काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ट्रकमधून उतरलं ते वेगळंच. नळी दाबून चपटी करणारे निप रोलरच 1600 मिमी लांबीचे. फोन केला तर उत्तर तयार: "दादा, नळी एका बाजूने कापून उघडा की, तीन मीटर होते." म्हणजे दाखवली दबलेल्या नळीची रुंदी आणि दिली उघडलेल्या कागदाची. कोटेशनवर यातली कुठली, ते मुद्दाम मोघम ठेवलेलं.

यातला हिशेब कोणालाही करता येतो. वितळलेलं प्लास्टिक गोल डायच्या फटीतून नळीसारखं वर येतं, आत हवा भरून तिचा फुगा होतो आणि वर रोलरमध्ये तो चपटा दाबला जातो. चपट्या नळीची रुंदी म्हणजे फुग्याचा व्यास गुणिले 1.57. तीन मीटरची चपटी नळी हवी तर फुगा 1.91 मीटर व्यासाचा लागतो. आम्हाला आलेली डाय 300 मिमीची. म्हणजे सहा पटींहून जास्त फुगवायला हवं, आणि साधा एलडीपीई (या कागदाचं मऊ प्लास्टिक) दाणा दोन ते तीन पटीत नीट चालतो. तीन पट धरली तरी 1.41 मीटर रुंदी, उघडून 2.8. म्हणजे उघडूनसुद्धा तीन मीटर होत नव्हतं! डायचा व्यास विचारला असता तर हे कागदावरच कळतं, म्हणूनच तो कोटेशनवर छापलेला नव्हता.

मशीन नवीनही नव्हतं. ताशी 50-60 किलोच्या वर माल निघेना, कागद एका कडेला 180 मायक्रॉन तर दुसऱ्या कडेला 320. कुपवाडच्या एका जुन्या फिटरना बोलावलं. त्यांनी स्क्रू बाहेर ओढून पितळी ब्रशने साफ केला आणि व्हर्नियर लावला. शेवटच्या भागात 65 च्या जागी 63.6. नव्या मशीनमध्ये स्क्रू आणि त्याभोवतीचं नळकांडं, म्हणजे बॅरल, यांच्यात एका बाजूला साधारण 0.1 मिमी फट असते. इथे त्या फटीतून वितळलेला माल पुढे जायच्याऐवजी मागे सरकत होता. गिअरबॉक्सवरचा निळा रंग नखाने उकलला तर खाली हिरवा, त्याखाली गंज. नावाच्या पट्टीचे रिव्हेट तेवढे कोरे करकरीत.

पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवलं. खूप तगादा लावल्यावर त्याने 15 लाखांचा चेक दिला, तोही वटला नाही. कोटेशनच्या तळाशी न्यायक्षेत्र त्याच्या शहराचं छापलेलं, ते पाहून आमचा धीर सुटला होता. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, म्हणजे ग्राहक म्हणून तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. आमच्या वकिलांनी त्या आधारावर तक्रार दाखल केली आहे, ती चालू आहे.

मशीन घ्यायचंच असेल तर डायचा व्यास, निप रोलरची लांबी आणि दबलेल्या नळीची रुंदी हे तिन्ही आकडे ऑर्डरवर लिहून घ्या. ट्रायलला दाणा आपला न्या, काही तास चालवायला लावा, ताशी माल स्वतः वजन करा. चालू असलेल्या त्याच मशीनच्या बॅरलवर, गिअरबॉक्सवर आणि डायवर पंचने आपली खूण ठोका, फोटो काढा. खूण करू देत नसेल तर उठून या. मोठा हप्ता आपल्या शेडमध्ये मशीन चालल्यावरच द्यायचा, अशी अट बँकेलाही लेखी कळवा. चांगले कारखानदार या अटी मान्य करतात, आम्ही नंतर विचारून पाहिलं.

आणि जे आधीच सापडले आहेत त्यांनी मशीन दुरुस्त करायची घाई करू नका, आयोगाकडे तज्ज्ञाकडून तपासणी मागा. चेक परत आला असेल तर बँकेची चिठ्ठी हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. विकणारा "चार दिवस थांबा, आरटीजीएस करतो" म्हणत राहतो, ते ही मुदत उलटून जावी म्हणूनच.